सुरुंगाच्या दिवसांतली चित्रं

चैत्र लागला की लोकांना पालवी दिसते, बाळकैऱ्या दिसतात. मला चैत्र आधी ऐकू येतो. दुपारी ऊन डोक्यावर असताना शिवारात कुठेतरी लांब धडाड होतं, फळीवरचा एखादा पेला किणकिणतो आणि मी हातातलं काम तसंच धरून पुढच्या आवाजाची वाट बघत बसते. परवा माहेरी आले तर तेच. ओढ्यापलीकडे कुणीतरी विहीर खोल करायला काढली आहे. पहिला आवाज झाला तेव्हा मी गवारी मोडत होते. किती सुरुंग भरलेत हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी मोजायला लागले होते.

मोजायची ही सवय आमच्या घराची. आण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. निरगुडसरच्या शिवारात आमची वस्ती. शेत होतं, पण घरापुरतं. विहिरींचं पाणी खाली गेलं की आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं, आणि मग पाऊस पडेपर्यंत आण्णा कुणाच्या ना कुणाच्या विहिरीच्या तळाशी. खडकात भोकं पाडायची, दारू भरायची, वाती पेटवून वर यायचं, लांब पळायचं, आणि सगळं उडालं की खाली उतरून फुटलेला दगड क्रेनच्या बादलीत भरायचा. यातलं वाईट काम म्हणजे उडाल्यानंतरचं पहिलं उतरणं. एखादा सुरुंग फसलेला असला तर तो दगडाखाली तसाच जिवंत असतो. ते पहिलं उतरणं आण्णांकडे होतं. का, तर आजोबांकडे होतं म्हणून. दुसरं कारण कुणी विचारलंही नाही.

म्हणून त्यांच्या टोळीची एक रीत होती. एका वेळी पाचच सुरुंग भरायचे. कमी नाहीत, जास्त नाहीत. मालक कितीही घाई करो, पाच म्हणजे पाच. मोजण्यात चूक नको. पाचही सुरुंग वाजले की खाली उतरायचं, चारच वाजले तर कुणी काठाजवळसुद्धा फिरकायचं नाही. आई कांद्याच्या वावरात असली तरी तिचे कान तिकडे. पाचवा वाजला की ती कमरेचा पदर सोडून घट्ट खोचायची आणि खुरपं उचलायची. मधल्या वेळात तिच्याशी बोललेलं तिला ऐकू जात नसे. मी लहानपणी बेरीज शिकले ती अशी.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे तो माझ्या बारावीनंतरचा. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शाळेतले ड्रॉइंगचे सर घोडेगावात राहायचे. पुण्याला चित्रकलेचं कॉलेज असतं, तिथे माझ्यासारख्या मुलीही जातात, हे त्यांनीच मला सांगितलं. पण नुसत्या मार्कांवर तिथे घेत नाहीत, मुलाखतीला पोर्टफोलिओ न्यावा लागतो. घरी मी तो शब्द सांगितला तेव्हा आई म्हणाली, काय ते नाव. आण्णांनी 'फाईल' म्हणून विषय संपवला. त्यांची अट एकच होती: एकदा जाऊन बघ. झालं तर झालं, नाहीतर मुकाट्यानं डी.एड. माझं सगळं त्या फाईलवर होतं, आणि फाईलमध्ये काय असावं हे मला कळत नव्हतं.

चित्रं म्हणाल तर मी सगळंच काढलं होतं. शिवनेरी, गणपती, तांब्या आणि वांगी, कॅलेंडरवरून उतरवलेली नदी. सरांनी ती चळत बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, हे इतके कागद इतक्याच वेगवेगळ्या मुलींनी काढल्यासारखे वाटतात. साधनं वेगवेगळी वापर, कोळसा, रंग, छापे, माती, काय वाटेल ते. विषय मात्र एक धर. मी विचारलं, कुठला.

"तुझा जीव कशानं खालीवर होतो, ते काढ," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी विचार करायला घेतला, आणि करावाच लागला नाही. मी विहीर धरली.

आज माझ्या वर्गातल्या मुलांकडे जगातले सगळे रंग असतात. मी त्यांना चित्रकला शिकवते, आणि त्यांच्या टेबलावरची ती श्रीमंती बघून मला त्या ढिगाऱ्याची आठवण येते. विहिरीतून उपसलेल्या मालात काय नव्हतं? वरची काळी माती, तिच्याखालचा पिवळट मुरूम, मग तांबूस थर, आणि शेवटी निळसर काळा खडक. मी ते सगळं कुटून, वस्त्रगाळ करून डिंकात कालवलं आणि विहिरीत ज्या क्रमानं होतं त्याच क्रमानं कागदावर लावलं. जुन्या रबरी चपलेचा तळ कोरून छापे काढले. फुटलेल्या दगडावर सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी दिसते, तिच्यावर कागद धरून कोळसा घासला. क्रेनचा जुना तार-दोर शाईत भिजवून उमटवला. तो छापा वाळत ठेवलेला असताना आमच्या शेळीनं त्याचा एक कोपरा खाल्ला. मी रडकुंडीला आले, पण सरांना तो खाल्लेला कोपराच आवडला. म्हणाले, राहू दे, विहीरही असंच खाते.

सर हसले होते. मी हसले नाही.

कारण त्या दिवसांत भीती वेगळीच झाली होती. आधी ती पाच आवाजांपुरती होती, पाचवा वाजला की उतरायची. चित्रं काढायला लागल्यापासून ती उतरेना. चित्र काढायचं म्हणजे बघायचं, आणि मी आजवर जे नीट बघायचं टाळलं होतं ते आता वहाणा काढून काठावर बसून बघत होते. विहिरीच्या काठावर वहाणा घालून जायचं नाही ही टोळीची दुसरी रीत. तळव्याला काठाची थरथर कळते म्हणतात. मला कळायची. बादलीत एक पाय आत, एक बाहेर ठेवून आण्णा खाली जायचे, आणि त्यांचं डोकं लहान लहान होत जायचं. शेवटी टोपीचा एक पांढरा ठिपका उरायचा. तो ठिपका मी कितीदा तरी काढला.

माणसं काढायची तर अडचण फारच मोठी होती. टोळीतला कुणीही तोंड काढू देईना. आमच्याकडे भिंतीवर तोंड कुणाचं असतं? जो गेला त्याचं. घरोघरी ओसरीत एकच फोटो, तोही वर्षश्राद्धाला मोठा करून आणलेला, आणि त्याला हार. जित्या माणसाचं असं एकट्याचं मोठं तोंड काढून घेणं म्हणजे स्वतःहून खिळा ठोकून ठेवणं. त्यातून हा असला धंदा. क्रेन चालवणारा बबनभाऊ तसा थट्टेखोर माणूस, पण मी वही उघडली की पाठ फिरवायचा. "हात काढ, पाठ काढ, पाय काढ. त्वांड न्हाई. त्वांड माझ्या पोरांना लागतंय," तो म्हणायचा. त्यामुळे माझ्या सगळ्या कागदांवर हात होते, पाठी होत्या, टोप्या होत्या. सरांनी ते सगळे ओळीनं जमिनीवर मांडले आणि म्हणाले, तुझ्या विहिरीत माणसं उतरतात, पण तोंडं नाहीत कुणालाच. एक चेहरा पाहिजे. एकच, पण समोर बसवून काढलेला.

आईला हे सांगायची सोय नव्हती. मी आण्णांना सांगितलं. ते भाकरी खात होते. घास संपवून म्हणाले, "काढ की. मला काय व्हतंय."

आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली.

मी त्यांना विहिरीच्या काठावर काढलं, दुपारी, वाती पेटवायच्या आधीच्या विसाव्यात. तुरकाठ्या डब्यात कोंडून जाळलेला माझा घरचा कोळसा. ते गुडघ्यावर हात टाकून बसले आणि खाली विहिरीत बघत राहिले. इकडे बघा, असं मी म्हटलं नाही. कपाळ झालं, नाक झालं, मिशा झाल्या, आणि मी डोळे शेवटी काढले. त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की हनुवटी चुकली आहे. घरी येऊन सरांनी दिलेलं लाखेचं पाणी कोळसा पुसू नये म्हणून फुंकणीनं वरून फवारलं. ते रात्रभर वाळायला पाहिजे होतं, म्हणून कागद फळीला टाचून ओसरीत भिंतीशी उभा करून ठेवला. सकाळी बाकीची चित्रं घेऊन पहिल्या गाडीनं सरांकडे गेले.

नंतर जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण इथे सरळच सांगते. मी गेल्यावर शेळी ओसरीत शिरली. आण्णा कामावर निघाले होते, त्यांनी तिला हाकललं, आणि पुन्हा ती कागद खाईल म्हणून चित्र उंचावर लावायचं ठरवलं. ओसरीत खिळा एकच, आजोबांच्या फोटोचा. त्यांनी तो फोटो उतरवून आत धान्याच्या कणगीवर ठेवला आणि माझं चित्र खिळ्याला लटकवलं. आजोबांच्या फोटोचा चंदनी हार खिळ्यालाच बांधलेला होता. तो तसाच राहिला आणि चित्रावर दोन्ही बाजूंनी पडला. आण्णांना उशीर झाला होता. ते निघून गेले.

आणि नेमका त्याच दुपारी चौथ्यानंतर पाचवा वाजला नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. आई वावरात थांबली, थांबली, आणि कांदे तसेच टाकून ओढ्याच्या वाटेनं विहिरीकडे धावत सुटली. शेजारच्या हौसाकाकीनंही चारच मोजले होते. वस्तीवरच्या सगळ्याच बायका मोजायच्या. काकी आईला धीर द्यायला म्हणून आमच्या घरी आली. घरात कुणी नाही. चूल गार. समोरच्या भिंतीवर आण्णा, आणि आण्णांना हार.

तिनं फोडलेला टाहो म्हणे पार फाट्यापर्यंत ऐकू गेला.

मी दुपारच्या गाडीनं परत येत होते. सर खूश होते, त्यामुळे मी पण होते. फाट्यावर उतरले तेव्हा रोज रसाच्या गाड्यावर बसणारा माणूस मला बघून उभा राहिला. इतकंच. वस्तीच्या वळणावर आले आणि आमच्या अंगणात माणसं दिसली. पुरुष लिंबाखाली उकिडवे, माना खाली. दारात वहाणांचा ढीग. कुणीतरी आमच्या कुंपणाचे बांबू हातानं चाचपून बघत होतं. मला बघून वाट झाली. गावात गर्दी कधी अशी आपण होऊन बाजूला होत नाही. मला तेव्हा काय वाटलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. भीतीसुद्धा वाटली नाही. भीती वाटायला काहीतरी अजून व्हायचं बाकी लागतं.

हौसाकाकीनं मला पोटाशी धरलं. तिच्या खांद्यावरून मला ओसरीतली भिंत दिसली. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की इतक्या लवकर यांनी त्यांना वर लावलंसुद्धा. आणि मग, ते मी काढलेलं चित्र आहे हे विसरून, मी त्या चेहऱ्याकडे बघितलं. तो घाबरलेल्या माणसाचा चेहरा होता. डोळे खाली कुठेतरी खोल लागलेले, ओठ मिटलेले, आणि गळ्याची शीर ताठ. मी कागदावर जे काढलं होतं ते काढताना मला दिसलं नव्हतं. आण्णांना भीती वाटते ही गोष्ट मला ते गेल्यावर कळते आहे, असं वाटून माझ्या तोंडून आवाज फुटला. रडणं म्हणवणार नाही त्याला.

मोटारसायकलचा आवाज त्याच्या थोडा नंतर आला. वस्तीवरची दोन माणसं मोठ्या रस्त्यानं विहिरीकडे गेली होती, आणायला. ती आणून परतली, पण आण्णा मागच्या सीटवर बसून आले, मांडीवर जेवणाचा डबा धरून. चारच आवाज झाल्यावर रीतीप्रमाणे सगळी टोळी लांब बसून राहिली होती, एवढंच झालं होतं. आई दुसऱ्या गाडीवर होती, पायात काटे मोडलेले.

अंगणात कुणाला काय करावं कळेना. उकिडवी बसलेली माणसं उठली आणि अंग झटकायला लागली, जशी काही चूक त्यांचीच. बांबूवाला बांबूपासून दूर झाला. हौसाकाकीचं रडणं रागात बदललं. जित्या माणसाला हार घालणारा कोण दीडशहाणा, म्हणून तिनं सगळ्यांसमोर विचारलं. आण्णांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "मीच लावलं. शेरडू खात व्हतं." मग सगळ्यांना हसायला जागा झाली. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना सांगितलं, आणि चहा ठेवला गेला. जी माणसं माती द्यायला आली होती ती चहा पिऊन गेली.

सगळे पांगल्यावर आण्णा ओसरीत जाऊन चित्रासमोर उभे राहिले. हार त्यांनी बाजूला सारला. बराच वेळ बघत होते. त्यांनी स्वतःचं तोंड आरशात दाढीपुरतंच बघितलं असेल आजवर.

"मी उतरताना आसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आई म्हणेल, पोरीनं चुकीचं काढलंय. आई मीठमोहऱ्या घेऊन त्यांची दृष्ट काढायला आली होती. तिनं चित्राकडे तोवर एकदाही बघितलं नव्हतं, तेव्हाही बघितलं नाही.

"रोज," ती म्हणाली.

ते चित्र तिला पाण्यात सोडायचं होतं. घरात नको, फाईलमध्ये नको, कुठेच नको. फाईलमध्ये एकच चेहरा होता आणि तो गेला तर माझ्या विहिरीला पुन्हा तोंड उरणार नव्हतं. मी तिला अडवलं नाही, कारण मलाही ते नको होतं. खरं सांगायचं तर पुणं नको होतं, कॉलेज नको होतं. आण्णा दुसऱ्या दिवशी खाली उतरले नाहीत तर बाकी काही नको होतं. पण आण्णा म्हणाले, घरात ठेवू नका, टाकूही नका, पुण्याला जाऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, फसलेल्या सुरुंगात पाणी भरून त्यांनी तो निकामी केला, आणि पुन्हा पाच भरले. आईनं मोजले. मीही मोजले.

मुलाखतीला तेच माझ्याबरोबर आले. पुण्यातल्या त्या दगडी इमारतीच्या पायरीशी त्यांनी वहाणा काढल्या. कशाला काढता म्हटलं, तर म्हणाले, आसूं दे. मी आत गेले. टेबलापलीकडे तिघंजण होती. त्यांनी मातीचे थर बघितले, छापे बघितले, शेळीनं खाल्लेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग तो कोळशातला चेहरा वर आला, आणि मधल्या बाईंचा हात थांबला.

"कोण हे?"

"माझे वडील."

त्यांनी आवाज अगदी उतरवून विचारलं, "आहेत?"

पुण्यातल्या शिकलेल्या बाई, पण हौसाकाकीनं बघितलं तेच त्यांनी बघितलं होतं. मी उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बोट दाखवलं. आवारातल्या झाडाखाली आण्णा अनवाणी उकिडवे बसले होते आणि इमारतीच्या पायाच्या दगडाकडे टक लावून बघत होते, कुठल्या खाणीतला असेल म्हणून. बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा आण्णांकडे बघितलं, एकदा कागदाकडे. मला प्रवेश मिळाला.

त्यानंतरही आण्णा कितीतरी उन्हाळे उतरत राहिले. मी पुण्यात वर्गात बसून दुपारी कान द्यायचे, आणि मला रिक्षांचे आवाज यायचे. न ऐकू येणारे सुरुंग मोजणं हे ऐकू येणाऱ्यांपेक्षा वाईट. पुढे यंत्रं आली, टोळी मोडली, आण्णांचे गुडघे गेले. आता ते ओसरीत खाटेवर असतात आणि आई त्यांच्या औषधांच्या वेळा मोजते.

ते चित्र माझ्या पुण्याच्या घरी असतं, कपाटात पालथं. आण्णांना बघायचं असतं म्हणून दर चैत्रात इकडे येताना मी ते घेऊन येते. परवाही आणलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि मिशांवरून अंगठा फिरवला. लाखेचं पाणी चांगलं बसलं आहे, अंगठ्याला काही लागलं नाही. मी शेजारी गवारी मोडत होते, आणि ओढ्यापलीकडे तेव्हाच पहिला सुरुंग वाजला. आम्ही तिघंही मोजायला लागलो.

आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "आता लाव वर. भ्या न्हाई राह्यलं त्याचं."

आई उठून आत गेली. समोर भिंतीवर आजोबा होते, त्यांच्या खिळ्यावर, हारासकट. शेजारी भरपूर भिंत मोकळी होती.

"आण्णा, घरात खिळा नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उभा जन्म खडकात भोकं पाडणाऱ्या माणसाला मी सांगत होते की घरात एक खिळा नाही.

"बरं," ते म्हणाले. "मंग फुडच्या खेपंला आण."

मी हो म्हटलं. गेल्या चैत्रातही मी हो म्हटलं होतं.